तीन हजारांचे तीन हजार

सोलापूरहून हैदराबादकडे निघालेली सडक नळदुर्ग मागे टाकते आणि थोड्याच वेळात जळकोट येते. तुळजापूर तालुक्यातले हे गाव. जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, २०२३ पासूनचा धाराशिव. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीच्या बांधातला पाणीमहाल पाहून प्रवासी इतका तृप्त झालेला असतो, की जळकोट येते तेव्हा तो बहुधा डुलकी घेत असतो. माझे मात्र ते आजोळ. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबिजेनंतर दोन दिवस मामांकडे जायचे, ओसरीवर बसून तुरीच्या भावाविषयी ऐकायचे आणि येताना मामींनी बांधून दिलेली डाळ घेऊन यायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम.

२०१८ सालच्या दिवाळीत असाच गेलो होतो. फराळ झाला, चहा झाला. मामांनी कोनाड्यातून एक पाकीट काढले आणि माझ्यापुढे टाकले.

"हे बघ की रे, काय लिहायलेत ते. इंग्रजी हाय. तुला कळंल."

मी मराठीचा प्राध्यापक. इंग्रजीशी माझा संबंध पगारपत्रकापुरता आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकापुरता. पण भाचा शहरात राहतो आणि त्याने एम. ए. केले आहे, एवढ्या भांडवलावर आजोळी त्याला सर्वज्ञ मानतात. आणि खरे सांगायचे तर ते आपल्याला आवडतेही. मी चष्मा पुसला, पत्र वाचले आणि ऐटीत अर्थ सांगितला.

"मामा, तुमची कंपनी आणखी शेअर काढते आहे. तुमच्या वाट्याला सहा हजार येतात. घ्यायचे असतील तर सहा लाख रुपये भरा. नको असतील तर हक्क सोडता येतो."

"न्हाई घेतले तर माझे हायेत ते जातील का?"

"ते कुठे जातात? तुमचे तीन हजार ते तीन हजारच."

मामांनी समाधानाने मान हलवली. थोरलीचे लग्न ठरत आले होते. सहा लाख कोठून आणणार? पाकीट परत कोनाड्यात गेले. मी त्या दिवशी एक वाक्य खोटे बोललो नाही. आणि तरी माझ्या त्या खऱ्या वाक्याने मामांचे दहा लाख रुपये नेले.

आता ही कंपनी कसली, ते सांगतो. सडक रुंद करताना मामांच्या जमिनीचा एक तुकडा गेला. त्याचे पैसे आले तेव्हा, म्हणजे २०१४ साली, गावाकडच्याच दोघा भावांनी त्यांना डाळ मिलमध्ये घेतले. भावांचे आडत दुकान होते, मामांना तुरीची पारख होती. खाजगी मर्यादित कंपनी निघाली. शंभर रुपयांचा एक असे दहा हजार शेअर. सात हजार भावांचे, तीन हजार मामांचे. बाकीचा पैसा बँकेचा. जागा सडकेलगत, कंपनीच्याच नावावर घेतलेली. संचालक व्हा म्हटले तर मामा म्हणाले, "सह्या करायला तुम्ही हाव की." एक गोष्ट मात्र त्यांनी अडून बसून कंपनीच्या नियमावलीत घालून घेतली: मिलची जागा विकायची किंवा गहाण टाकायची असेल, तर तिघांचीही लेखी संमती पाहिजे. जमीन गेलेल्या माणसाला जमिनीचे मोल कळते.

मिल चालली. डाळ जाई, चुनी जनावरांना जाई, मामा सकाळ-संध्याकाळ तेथे जाऊन बसत. आणि २०१९ च्या सप्टेंबरात वार्षिक सभेची नोटीस आली. तीत एक विशेष ठराव होता: नियमावलीतले जागेसंबंधीचे ते कलम काढून टाकावे.

मामांनी मला फोन केला. आवाजात काळजी नव्हती. "मी न्हाई म्हणणार हाय. माझ्याबिगर व्हत न्हाई ना ते?"

मी एका ओळखीच्या वकिलांना विचारले. ते सोलापूरचे, वयस्क आणि कमी बोलणारे. त्यांनी हिशेब असा मांडला: नियमावली बदलायची तर विशेष ठराव लागतो, आणि विशेष ठरावाला विरोधी मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात, म्हणजे शंभरात पंचाहत्तर. भावांकडे सत्तर टक्के. मामा नाही म्हणाले की ठराव पडला. मी निःश्वास सोडला. मग वकीलसाहेबांनी सहज विचारले, "मध्यंतरी नवे शेअर निघाले नाहीत ना?"

त्या क्षणी मला ते कोनाड्यातले पाकीट आठवले.

वीस हजार नवे शेअर निघाले होते. त्यांतले चौदा हजार भावांनी आपल्या हक्काचे म्हणून घेतले, आणि मामांनी न घेतलेले सहा हजार संचालक मंडळाने, म्हणजे भावांनीच, भावांना दिले. आता एकूण शेअर तीस हजार. भावांचे सत्तावीस हजार. मामांचे तीन हजार ते तीन हजारच! फक्त दहांतले तीन होते ते तिसांतले तीन झाले. तीस टक्क्यांचे दहा टक्के. ठराव अडवण्याची शक्ती कोणी हिसकावून घेतली नव्हती. ती विरघळून गेली होती.

व्यापारी भाषेत या प्रकाराला भाग पातळ होणे म्हणतात. पण नुसता मताचा हक्क पातळ होत नाही, पैसाही होतो, आणि तो कसा हे समजायला मला दोन दिवस लागले. कर्ज वजा जाता त्या मिलची किंमत, मुख्यत्वे सडकेच्या जागेमुळे, साठ लाखांच्या घरात होती. दहा हजार शेअर, म्हणजे एका शेअरची खरी किंमत सहाशे रुपये. मामांचे तीन हजार म्हणजे अठरा लाख. नवे वीस हजार शेअर काढले ते सहाशेने नव्हे, मूळच्या शंभर रुपयांनीच. कंपनीत वीस लाख आले, किंमत झाली ऐंशी लाख. ती तीस हजारांत वाटली की एका शेअरला दोनशे सदुसष्ट रुपयेसुद्धा पुरते येत नाहीत. मामांचे उरले आठ लाख. दहा लाख रुपये मामांच्या खिशातून निघून भावांच्या खिशात गेले, आणि मामांनी त्या काळात खिशात हातही घातला नव्हता.

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल, की डाळ मिल आणि आडत दुकाने यांच्या या गोष्टी. आमचा काय संबंध? पण आपल्या शहरी घरांतून काय चालले आहे ते पाहा. तीन डॉक्टर मिळून रुग्णालयाची कंपनी काढतात. मेहुण्याच्या कारखान्यात वहिनींच्या नावाने शेअर असतात. कशाकशावर सह्या केल्या ते त्यांना ठाऊक नसते. पुण्यात कोणाचा मुलगा मित्रांबरोबर संगणकाची कंपनी काढतो आणि बापाचा भविष्यनिर्वाह निधी तीत जातो. या नव्या धंद्यांची गंगोत्री जी अमेरिका, तेथेही हेच घडले. २००४ साली फेसबुक निघाले तेव्हा एदुआर्दो सॅव्हरिन या मित्राने सुरुवातीचा पैसा घातला. त्याचा वाटा तीस टक्के ठरला होता. पुढे नवे शेअर निघत गेले, ते इतरांना मिळाले, आणि सॅव्हरिनचा वाटा दहा टक्क्यांच्या खाली आला. त्याने दावा लावला, मग तडजोड झाली. २०१० साली त्यावर चित्रपटही निघाला. योगायोग असा की तेथेही तिसाचे दहा, आणि जळकोटातही तिसाचे दहा. फरक एवढाच की आमच्या मामांवर कोणी चित्रपट काढणार नाही.

मामांना घेऊन मी सोलापूरला वकीलसाहेबांकडे गेलो. जाताना एस. टी.त मामा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत होते: "पण त्यांनी तर पत्र पाठवलं व्हतं ना? मीच घेतले न्हाईत." मजजवळ उत्तर नव्हते.

वकीलसाहेबांनी पत्र वाचले. म्हणाले, "कायदा इथपर्यंत पाळलेला आहे." १९५६ च्या कंपनी कायद्यात हा नवे शेअर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करण्याचा नियम खाजगी कंपन्यांना लागूच नव्हता. घरगुती कंपन्यांतले लहान भागीदार त्या काळात नियमावलीत काय लिहिले असेल त्यावर आणि देवावर हवाला ठेवून होते. २०१३ च्या कायद्याने ती सूट काढून घेतली. आता कलम ६२ प्रमाणे प्रत्येकाला लेखी देकार पाठवावा लागतो आणि विचार करायला ठरावीक मुदत द्यावी लागते. तेव्हा ती साधारणपणे पंधरा दिवसांहून कमी नसे, तीस दिवसांहून जास्त नसे.

मग त्यांनी पत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवले. "हे तुम्ही मामांना सांगितले होते का?"

ती ओळ 'रिनाउन्स' या शब्दाची होती. मी तिचा अर्थ 'हक्क सोडता येतो' असा सांगितला होता. शब्दकोशात तोच अर्थ आहे, त्याग, संन्यास. पण वाक्य तेवढ्यावर संपत नव्हते. पुढे होते: दुसऱ्या कोणाही व्यक्तीच्या नावे. म्हणजे मामांजवळ सहा लाख नव्हते तरी तो सहा हजार शेअरांचा हक्क त्यांना माझ्या नावे करून देता आला असता, धाकट्या मामांच्या नावे करता आला असता, त्याचा मोबदलाही घेता आला असता. नियमावलीत त्याला मनाईही नव्हती. सहाशे रुपयांचा शेअर शंभराला मिळत होता. माझ्या पतपेढीने मला तेवढे कर्ज हसत दिले असते. कायद्याने मामांच्या हाती दिलेली एकुलती एक काठी मी संन्यास समजून टाकून दिली. वीस वर्षे मुलांना सांगत आलो, की वाक्य पुरते वाचल्याशिवाय शब्दाचा अर्थ लावू नये!

मामांनी माझ्याकडे पाहिले, आणि काही बोलले नाहीत. ते काही बोलले असते तर बरे झाले असते.

"तरीही," वकीलसाहेब म्हणाले, "पत्र पाठवले म्हणजे सगळे झाले असे नाही. न्यायालय विचारते, शेअर काढले ते कशासाठी?"

त्यानंतर तासभर त्यांनी आम्हाला ज्या गोष्टी सांगितल्या, त्या मी पुढे स्वतः वाचून काढल्या.

पहिली गोष्ट मुंबईची. बॉम्बे लाइफ अॅशुअरन्स ही १९०८ सालची विमा कंपनी. भांडवल दहा लाख, शंभराचे दहा हजार शेअर, पण त्यांतले ५,४०४ च विकलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सिंघानिया मंडळींनी बाजारातून हे शेअर भराभर विकत घ्यायला सुरुवात केली. संचालकांच्या पोटात गोळा आला. १९४५ साली त्यांनी शिल्लक राहिलेले ४,५९६ शेअर काढले. ज्यांची नावे कंपनीच्या वहीत होती त्यांना पाचास चार या प्रमाणात, शेअरमागे पंचाहत्तर रुपये अधिमूल्य घेऊन. वाद पेटला, न्यायालयात गेला, आणि १९५० साली, नव्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्याच वर्षात, सरन्यायाधीश कानिया यांच्या खंडपीठापुढे निकाल झाला. संचालकांना आपल्या खुर्च्या राखायच्या होत्या हे उघड होते. पण कंपनीला पैशाची गरज होती हेही खरे होते. गरज खरी असेल, तर तीबरोबर संचालकांचा आणखी एक हेतू साधला म्हणून शेअर रद्द होत नाहीत, असे न्यायालय म्हणाले. सिंघानियांचा पक्ष हरला. (गंमत अशी, की १९५६ साली सगळा आयुर्विमाच सरकारने आपल्याकडे घेतला आणि ज्या कंपनीसाठी एवढी झुंज झाली ती आयुर्विमा महामंडळात विलीन झाली.)

दुसरी गोष्ट ओरिसाची, आणि ती मामांना फार लागली. कलिंग ट्यूब्ज ही कंपनी. १९५४ साली तीन पक्षांनी आपसात करार केला, की तिघांचा वाटा सारखा राहील. त्यांतले एक बिजू पटनाईक, पुढे मुख्यमंत्री झाले ते. १९५८ साली सर्वसाधारण सभेने नवे ३९,००० शेअर तिऱ्हाइतांना द्यायचे ठरवले. तिसरे भागीदार शांतिप्रसाद जैन यांना त्यांतले काही नाही. जैनांनी करार पुढे केला. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की करार तुमचा तिघांचा. कंपनी त्यात नव्हती आणि तो तिच्या नियमावलीत लिहिलेला नाही, म्हणून कंपनीला तो बांधीत नाही. तीन मित्र एका टेबलाशी बसून शपथा घेतात, कागद करतात, सह्या करतात. तो कागद नियमावलीत गेला नाही तर कंपनी त्याला ओळखत नाही. टाटा सन्समध्ये १८.३७ टक्के बाळगणाऱ्या शापूरजी पालनजी घराण्यालाही २०२१ साली सरन्यायाधीश बोबडे यांच्या खंडपीठाने वेगळ्या वादात तेच ऐकवले: एवढा वाटा आहे म्हणून त्या प्रमाणात संचालक मंडळात जागा मिळावी, असा हक्क कायद्यात नाही.

मामा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे मोठ्याचंच खरं."

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी निलगिरीची गोष्ट सांगितली. ती मला सर्वांत आवडली, कारण तिच्यात सगळेच आहे.

निलगिरीत केट्टी नावाचे गाव आहे, तेथे सुया बनवणारी नीडल इंडस्ट्रीज ही कंपनी. ३२,००० शेअरांपैकी १८,९९० इंग्रज कंपनीचे, बाकीचे भारतीयांचे. म्हणजे येथे मोठा भागीदार इंग्रज. १९७३ साली परकीय चलनाचा कायदा आला. परदेशी वाटा चाळीस टक्क्यांवर आणा, असा रिझर्व्ह बँकेचा दट्ट्या. इंग्रज हलेनात. तेव्हा १९७७ च्या एप्रिलात संचालकांनी १६,००० नवे शेअर काढले. प्रमाणाप्रमाणे इंग्रजांना ९,४९५ देऊ केले. पण पत्र इतक्या उशिरा टपालात टाकले, की ते इंग्लंडला पोहोचून उत्तर यायला वेळच उरला नाही. २ मे रोजी सगळे शेअर भारतीयांनी घेऊन टाकले! १८,९९० चे १८,९९० च राहिले आणि साठाला टेकलेला वाटा चाळिसावर आला.

१९८१ साली निकाल लिहिला तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, आपल्या पुण्याच्या. त्यांनी टपालाच्या या चलाखीवर चांगलेच कोरडे ओढले. पण मूळ प्रश्न हाच: शेअर काढले कशासाठी? देशाचा कायदा पाळण्यासाठी. म्हणून शेअर कायम ठेवले. मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. शंभराला दिलेल्या शेअरची खरी किंमत एकशे नव्वद होती, तेव्हा इंग्रज कंपनीचा शेअरमागे नव्वद रुपयांचा तोटा झाला; ९,४९५ गुणिले नव्वद, ८,५४,५५० रुपये तिला द्या, असा हुकूम केला. दांडगाई झाली नाही, तरी अन्याय भरून काढता येतो. जळकोटच्या हिशेबात आणि या हिशेबात काय फरक आहे? माझ्या डोळ्यांसमोर मामांचे अठरा आणि आठ उभे राहिले.

आणखी एक निकाल २००४ सालचा. परदेशी राहणाऱ्या एका जोडप्याने पैसा घालून घेतलेली कंपनी, तिचे हॉटेल. कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापकीय संचालकाने त्यांना न कळवता नवे शेअर स्वतःच्याच नावे करून घेतले आणि बहुमत आपल्याकडे ओढले. तेथे सर्वोच्च न्यायालयाने शेअर सरळ रद्द केले. संचालक हा विश्वस्त आहे. शेअर काढण्याचा अधिकार त्याला कंपनीसाठी दिलेला असतो, स्वतःसाठी नाही.

"मग आता बघायचे एवढेच," वकीलसाहेब म्हणाले, "की तुमच्या मिलला पैसा लागत होता का, आणि तो आला का."

ते कसे बघायचे, याविषयी माझी कल्पना होती की निदान चार चकरा आणि एखादा वशिला तरी लागेल. तसे काही नाही. कंपनीने सरकारात दाखल केलेले कागद शंभर रुपये भरून कोणालाही संगणकावर पाहता येतात. ताळेबंद, शेअरवाटपाचे विवरणपत्र, सगळे. आम्ही त्याच दुपारी पाहिले. वीस लाख रोख आलेच नव्हते. भावांनी पूर्वी कंपनीला उसने दिले असे दाखवलेले पैसे होते, तेच शेअरांपोटी वळते केले होते. नवे यंत्र नाही, गोदाम नाही, बँकेचे कर्जही तेवढेच.

रात्री जळकोटला परतलो. ओसरीवर बसून मी मामींना सगळे समजावून सांगू लागलो. शेअर पातळ होतो म्हणजे काय, न्यायालय हेतू कसा पाहते. मामी चुलीकडून म्हणाल्या, "त्यात काय समजायचंय? पाव्हणे आले की आमटीत पाणी घालावंच लागतं, त्याला कोण नाव ठेवतंय. पण पाव्हणेच आले न्हाईत आन् आमटी पातळ, तर मग घट्ट कुठं गेली, एवढं इचारायचं."

मी एम. ए. आहे. मामी चौथी शिकल्या आहेत. १९५० पासूनची सगळी निकालपत्रे त्यांनी एका आमटीत आटवली होती.

आता दाद मागायची ती कोठे? २०१६ पासून अशा तक्रारी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जातात. आम्हाला म्हणजे मुंबईला. भीती अशी घालतात, आणि भावांनीही मामांना घातली, की दहा टक्क्यांहून खाली गेलात की दार बंद. भावांचा आणखी पाच हजार शेअर काढायचा विचार होता, तो याच हिशेबाने. मग मामांचे उरले असते साडेआठ टक्के. पण कायद्याचे कलम २४४ पुरते वाचले (या वेळी मी पुरते वाचले!) तर त्यात दोन वाटा आहेत. एक भांडवलाचा दहावा हिस्सा. दुसरी माणसांची: शंभर सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, यांत जे कमी असेल ते. मिलचे सभासद तीन. मामा एक. तिसरा हिस्सा झाला की! घरगुती कंपनीतला माणूस कितीही पातळ केला तरी मोजणीत तो एक माणूस राहतोच. शिवाय न्यायाधिकरणाला ही अट शिथिल करण्याचाही अधिकार आहे. मात्र कालमर्यादा आहे. अन्याय उशीत घालून वर्षानुवर्षे निजून राहिलेल्याला न्यायालय उठवायला येत नाही.

वकीलसाहेबांनी खोटी आशा दाखवली नाही. तुम्हाला पत्र मिळाले होते, मुदत होती, तुम्ही गप्प राहिलात, हे समोरचा पक्ष म्हणणारच. मुंबईच्या खेपा, वर्षे आणि फी. त्यांनी दाव्याचा मसुदा केला आणि तो दाखल करण्याआधी भावांना एक नोटीस धाडली. तीत शिवीगाळ नव्हती, दोन प्रश्न होते: पैसा कशाला लागत होता? सहाशेचा शेअर शंभराला का दिला?

सभा पुढे ढकलली गेली. मग मधली माणसे आली, चहा झाले, जुनी सोयरिक आठवली. मामांना मिलमध्ये राहायची इच्छा उरली नव्हती. २०२० च्या जानेवारीत भावांनी त्यांचे तीन हजार शेअर चौदा लाखांना घेतले. अठरा नाहीत, आठही नाहीत. मला ते कमी वाटले. वकीलसाहेबांना ठीक वाटले. मामांनी पैसे मोजले नाहीत. त्यांनी मिलच्या फाटकाजवळचे आपले बाकडे तेवढे उचलून घरी आणले. ते आता ओसरीवर आहे.

राहून राहून मला खंत वाटते ती २०१४ सालची. जागेचे कलम घालून घेण्याइतके शहाणपण मामांजवळ होते. पण ते कलम ज्या ठरावाने बदलता येते, तो ठराव ज्या बहुमताने होतो, ते बहुमत नवे शेअर काढून बनवता येते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. दोन ओळी पुरल्या असत्या. एक, तिघांच्या संमतीशिवाय नवा शेअर निघणार नाही, आणि निघाला तर त्या दिवशीच्या खऱ्या किमतीने. दुसरी, ही दोन्ही कलमे तिघांच्या संमतीशिवाय बदलता येणार नाहीत. २०१३ च्या कायद्याने अशी पक्की कलमे घालण्याची स्पष्ट सोय केली आहे; कंपनी काढताना घाला, किंवा खाजगी कंपनीत मागाहून सगळ्यांच्या संमतीने घाला. पण मागाहून संमती देतो कोण? भांडण व्हायच्या आधी, पेढे वाटायच्या दिवशी, सगळे संमती देतात. त्या दिवशी मात्र असले विषय काढायला माणसाला संकोच वाटतो, आणि सनदी लेखापालाने आणलेली छापील नियमावली कोणी न वाचता सह्या होतात.

गेल्या दिवाळीत पुन्हा जळकोटला गेलो. फराळ झाला, चहा झाला, आणि मामांनी कोनाड्यातून पाकीट काढले. माझ्या पोटात धस्स झाले. गावाकडे तूर आणि सोयाबीनसाठी शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी निघते आहे. मामांनाही सभासद व्हा म्हणून बोलावणे होते. सोबत नियमावली, या वेळी मराठीत.

"ह्यात माझा वाटा कुणी पातळ करंल का?" मामांनी विचारले.

२००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कंपन्यांत, सगळे सभासद व्यक्ती असतील तर, शेअर कितीही असोत, माणसामागे मत एकच. एवढे मला ठाऊक होते. पण मी ते लगेच सांगितले नाही. नियमावली बेचाळीस पानांची होती. मी बाकड्यावर बसलो, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागलो. मामी चुलीवरचे काम टाकून दाराशी येऊन बसल्या. अकराव्या पानावर मामांनी थांबवले आणि म्हणाले, "हे पुन्हा वाच."